जे नाही त्याची नोंद

सकाळी ७:४५

पाळी आठची, पण ओव्हर, म्हणजे रात्रपाळीकडून वॉर्डाची सूत्रं, घ्यायला मी थोडी आधीच पोचते. रात्रपाळीची सिस्टर बारा तास एकटी उभी असते. तिला गावी जाणारी पहिली एसटी मिळावी, एवढं तरी आपल्या हातात असतं.

जिल्हा रुग्णालयातला हा स्त्री वैद्यकीय कक्ष. मंजूर खाटा ३०. आज सकाळच्या सेन्ससला ४६ बायका आहेत. दोन खाटांच्या मधल्या जागेत गाद्या टाकल्यात, शेवटच्या चौघी व्हरांड्यात आहेत आणि व्हरांड्यात ऑक्सिजनचा पॉइंट नाही. त्यामुळे कुणाला धाप लागली की आधी अदलाबदल करायची. जिला जरा बरं वाटतंय तिला खाली उतरवायचं, धापेवालीला वर घ्यायचं. उतरणारी बाई बहुतेक वेळा काही बोलत नाही. पदर सावरते, पिशवी उचलते, खाली बसते. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

रात्रीची सिस्टर खाटेखाटेपाशी थांबून सांगत जाते. पाच नंबरच्या आजींची लघवी कमी झालीय. अकराला रक्त लावायचंय, रक्तपेढीत तिचा गट नाही. "नऊ नंबरची डीकेए, सतरा वर्षांची आहे, पहाटे दोनला आली. इन्सुलिन ड्रिप चालूय, तासाला शुगर बघायचीय. स्ट्रिप्स चारच उरल्यात, ताई."

डीकेए, म्हणजे मधुमेह बिघडून रक्तात आम्ल साचणं. चार स्ट्रिप्स म्हणजे चार तास.

८:२०

या पाळीला आम्ही दोघी. मी आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी सिस्टर. परिसेविका मॅडम इंडेंट, ड्युटी लिस्ट आणि पुढच्या आठवड्यातल्या तपासणीच्या फायलींत अडकलेल्या असतात. मावशी एकच, तीही शेजारच्या वॉर्डाबरोबर वाटून घेतलेली.

परिचारिका किती असाव्यात याचे निकष देशात आहेत. केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या हिशेबात सर्वसाधारण वॉर्डात सहा खाटांमागे एक परिचारिका, अतिदक्षता विभागात खाटेमागे एक, वर रजेसाठी ३० टक्के जादा. पण हा हिशेब खाटांचा आहे. जमिनीवरच्या सोळा जणी त्यात कुठेच येत नाहीत. त्यांना ताप येतो, त्यांची सलाईन संपते, त्यांना बेडपॅन लागतो, आणि तरी पदांच्या गणितात त्या नाहीत.

९:००

इंजेक्शनचा राऊंड. नऊ नंबरपासून सुरू करते, कारण तिच्याकडे पुन्हा पुन्हा यायचंच आहे. इन्फ्युजन पंप दुरुस्तीला गेलाय. म्हणून ५०० मिलिलिटर सलाईनमध्ये ५० युनिट इन्सुलिन, आणि मायक्रोड्रिप सेट. त्याच्या ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. तिला तासाला पाच युनिट द्यायचंय, म्हणजे मिनिटाला ५० थेंब. मनगटावरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत थेंब मोजायचे. मुलीने कूस बदलली, हात दुमडला, की वेग बदलतो. पुन्हा मोजायचे. पंपाने हे काम एकट्याने केलं असतं. पोटॅशियम घसरलं तर हृदयाचा ठोका चुकतो, शुगर झपाट्याने खाली आली तर मुलगी बेशुद्ध होऊ शकते. म्हणून तर तासाला शुगर.

चौथी स्ट्रिप अकराला संपेल. मी औषधांच्या कपाटातला खालचा डबा काढते.

या डब्याबद्दल लिहायलाच हवं, कारण आमच्यासारखे कितीतरी वॉर्ड अशाच डब्यांवर चालतात. घरी जाताना नातेवाईक उरलेलं सामान आमच्याकडे ठेवून जातात: दोन सिरिंज, एक व्हेनफ्लॉन, न फोडलेली अँटिबायोटिकची बाटली, डब्याच्या तळाशी राहिलेल्या स्ट्रिप्स. कधी कधी रुग्ण गेल्यावर मुलगा सीलबंद इंजेक्शन हातात ठेवतो आणि म्हणतो, "सिस्टर, हे आता कुणाला तरी द्या." आम्ही मुदत बघतो, पुसून ठेवतो. ज्या बाईकडे पैसे नाहीत तिला यातलं जातं. रात्री तीनला मेडिकल बंद असतं तेव्हाही यातलंच जातं.

आणि यामुळेच कागदावर कधी काही अडत नाही. स्टॉक रजिस्टरात स्ट्रिप्स शून्य, तरी चार्टवर तासातासाची शुगर लिहिलेली. वरून बघणाऱ्याला वाटतं, साठा नसूनही काम व्यवस्थित चाललंय, मग घाई कशाला? मला छळतं ते हेच. दुखणी, रक्त, मरण यांसाठी मी तयार होऊन आले होते. या नोकरीत मला शिकावं लागलं ते दुसरंच: जे नाही ते असल्यासारखं चालवून दाखवणं. आम्ही जितक्या झटून भोक बुजवतो, तितकं ते भोक कुणाला दिसेनासं होतं.

डब्यात सहा स्ट्रिप्स निघाल्या.

१०:३०

डॉक्टरांचा राऊंड. फिजिशियन मॅडम चांगल्या आहेत, पोरीच्या पापण्या उलटून बघतात, आजींच्या पायाची सूज दाबून बघतात. पण ओपीडीची रांग त्यांची वाट बघतेय, हे त्यांनाही माहीत आणि रुग्णांनाही.

राऊंडनंतर माझं सर्वांत नकोसं काम सुरू होतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही बंद झाले. हा निर्णय मला मनापासून पटलेला आहे. दहा-वीस रुपयांसाठी केसपेपर न काढता परत जाणाऱ्या बायका मी पाहिल्यात. पण मोफत द्यायचं तर ते कपाटात असावं लागतं. पूर्वी औषध नसलं की डॉक्टर चिठ्ठी लिहायचे. आता बाहेरची चिठ्ठी द्यायची नाही असा दंडक, म्हणून केसपेपरवर कुणी लिहीत नाही. तोंडी सांगतात, आणि ते सांगायचं सिस्टरने.

"दादा, ही शुगरच्या पट्ट्यांची डबी आणावी लागेल."

नऊ नंबरचा बाप ऊसतोडीला जाणारा माणूस. "इथं समदं फुकट हाय म्हणले ना, बाई?" त्याच्या आवाजात राग नव्हता, शंका होती. ही बाई मधल्यामध्ये काही खाते की काय, अशी. सरकारचा निर्णय त्याने टीव्हीवर ऐकलेला, नकार मात्र माझ्या तोंडून ऐकतोय. लिहिलेला कागद नाही, त्यामुळे उद्या चौकशी झाली तर औषध कुणी बाहेरून आणायला लावलं, याचं उत्तर एकच: सिस्टरने.

तो गेला आणि डबी घेऊन आला. पैसे कुठून आणले, हे मी विचारलं नाही.

११:२०

स्ट्रेचर ढकलत दोघं धावत आले. पस्तिशीची बाई, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंग घामाने भिजलेलं, आणि तो कीटकनाशकाचा उग्र वास. कापसावर फवारणी चालू होती. नवरा पंप पाठीवर घेऊन पुढे, ही मागून औषध कालवून देत होती. पंप गळका. तोंडाला फक्त ओढणी बांधलेली.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा मास्क, हातमोजे, प्रशिक्षण यांची केवढी चर्चा झाली. इतक्या वर्षांनी आमच्याकडे येणाऱ्या बाईच्या तोंडावर अजून ओढणीच आहे.

आधी कपडे काढायचे, साबण लावून अंग धुवायचं, केसांसकट, कारण विष कातडीतून आत जातच राहतं. मावशी शेजारच्या वॉर्डात होती. त्या बाईबरोबर आलेल्या जावेने आणि मी मिळून तिला पुसलं, धुतलं. कंत्राटी सिस्टरने दुसऱ्या हाताची शीर शोधली. भिंतीवरच्या सक्शनला प्रेशर येत नाही, म्हणून पायाने दाबायचं सक्शन काढलं. जाऊबाईला म्हटलं, ताई, तुम्ही पायाने दाबत राहा, मी सांगेन तेव्हा थांबा. ती दाबत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पाय एकदाही थांबला नाही.

अ‍ॅट्रोपिनची एक अँप्युल ०.६ मिलिग्रॅमची. आधी तीन दिल्या. पाच मिनिटांनी छाती ऐकायची, नाडी बघायची, काखेत हात घालून घाम सुकला का बघायचं. घरघर तशीच, म्हणून दुप्पट, सहा. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट, बारा. दहा मिनिटांत एकवीस अँप्युल फोडल्या. काचेची मान नीट मोडली नाही की बोट कापतं, आणि घाईत ती नीट मोडत नाही. औषध जास्त झालं तरी धोका: बाई बडबडायला लागते, ताप चढतो, अंगावरच्या नळ्या ओढते. म्हणून अशा रुग्णाशेजारी एक परिचारिका सतत हवी. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं आहे आणि प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे.

तिला आयसीयूत हलवायला हवं होतं. फोन केला, आयसीयू भरलेला. मेडिकल कॉलेज १०८ रुग्णवाहिकेने दोन तासांवर. या अवस्थेत, वाटेत अ‍ॅट्रोपिन देत देत दोन तास? मॅडम म्हणाल्या, इथेच ठेवू. चौदा नंबरवरची बाई खाली उतरली, हिला तिथे घेतलं.

बाराला बाहुल्या जराशा मोठ्या झाल्या. छाती बरीच मोकळी झाली. या कामात अजून मला काय धरून ठेवतं असं कुणी विचारलं, तर मी हा क्षण सांगेन. हाताखाली माणूस परत येताना समजतं.

दुपारी १:००

तेवढ्यात व्हरांड्यातून आरडाओरडा. एका आजींची सलाईन केव्हाची संपलेली, नळीत रक्त आलेलं. नातू मोबाइल उंच धरून शूटिंग करत होता. "तासभर कुणी फिरकलं नाही! पगार कशाचा घेता?" त्याचं म्हणणं खरं होतं. तासभर कुणी फिरकलं नव्हतं. मी सलाईन बदलली, आजींचा हात चोळला आणि त्याला सांगितलं की आम्ही दोघी आहोत. त्याला वाटलं मी सबब सांगतेय.

राग जवळ उभ्या असलेल्या माणसावर निघतो, हे आम्ही धरूनच चालतो. पण व्यवस्थेनेही तसंच वागावं? अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात ६ नोव्हेंबर २०२१ ला अतिदक्षता विभागाला आग लागून रुग्ण दगावले, तेव्हा काही दिवसांतच अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. वायरिंग परिचारिका करत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण त्याआधी काय घडलं? एका खासदारांनी रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतलं. त्या बाळांना किती परिचारिका हव्या होत्या आणि किती होत्या, हा प्रश्न झाडूच्या व्हिडिओखाली दबून गेला.

२:००

माझी सुट्टी व्हायला हवी. दुपारपाळीची सिस्टर नवजात शिशू कक्षात पाठवली गेलीय, तिथली एक बाळंतपणाच्या रजेवर आहे. तिच्या जागी कुणी नाही. मेट्रन मॅडमचा फोन: "जरा आजचा दिवस बघा ना." त्यांच्याकडेही द्यायला माणूस नाही, हे मला ठाऊक आहे. कंत्राटी सिस्टर थांबू शकत नाही, आज रात्रपाळीही तिच्याच वाट्याला आहे. ती सहा तास झोपायला गेली.

म्हणजे दोन ते आठ मी एकटी. घरी फोन करून सांगितलं. घरच्यांना आता कारण सांगावं लागत नाही.

२:००–४:३०

चौदा नंबरला अ‍ॅट्रोपिनची ड्रिप, दर पंधरा मिनिटांनी नाडी, बाहुल्या, छाती. नऊ नंबरला तासाची शुगर. अकराला शेवटी शेजारच्या जिल्ह्यातून रक्त आलं. रक्त सुरू केल्यावर पहिली पंधरा मिनिटं शेजारी थांबावं लागतं, थंडी वाजते का, पुरळ उठतं का बघायला. याच वेळात चौदा नंबर बरळू लागली, उठून बसली, व्हेनफ्लॉन ओढलं. जाऊबाई आणि मी तिला धरलं, दुसरी शीर शोधली.

नऊ नंबरपाशी पोचले तेव्हा साडेचार झाले होते. तीनची शुगर राहिली होती. चारचीही राहिली होती. आता बघितली, १८६. मुलगी शुद्धीवर, पाणी मागत होती. सलाईन बदलून डेक्स्ट्रोज लावली.

५:१०

चार्ट भरायला बसले. तीन आणि चारचे रकाने रिकामे.

रकाना रिकामा ठेवायचा नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं. दोनला २९४ होती, साडेचारला १८६. मधले दोन आकडे कुणीही अंदाजाने भरेल: २६०, २१५. चार्ट सुबक दिसेल, कुणी काही विचारणार नाही. असे सुबक चार्ट राज्यभर, देशभर रोज तयार होतात. त्यांच्यावरून अहवाल होतात, अहवालांवरून पदं मंजूर होतात किंवा होत नाहीत.

१२ मेला, परिचारिका दिनाला, आम्हाला गुलाबाचं फूल देतात. भाषणात फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या हातातला दिवा येतो. पण तिने खरं काम केलं ते आकड्यांनी. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि साथींनी जास्त मेले, हे तिने १८५८ मध्ये आकृती काढून सरकारपुढे ठेवलं. तिने रकाने सोयीने भरले असते तर ते मृत्यू लष्कराच्या कागदांत कधी दिसलेच नसते.

मी दोन्ही रकान्यांत लिहिलं: तपासता आली नाही. कारण: पाळीला परिचारिका एक, बेड १४ आणि बेड ११ शेजारी उपस्थिती आवश्यक.

६:००

औषध भांडारात फेरी. इंडेंट ऑनलाइन भरलेला आहे, 'प्रलंबित' दाखवतो. भांडारातले फार्मासिस्ट दादा आपुलकीने सांगतात, "वरूनच आलं नाही, सिस्टर." २०१७ मध्ये राज्याची औषधखरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली, ती रखडते म्हणून २०२३ मध्ये कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण झालं. दरम्यान स्थानिक खरेदी करता येते, पण त्यालाही दरपत्रकं, मंजुरी, निधी. स्ट्रिपसारखी लहान गोष्ट या फायलीत सगळ्यात शेवटी असते. व्हेंटिलेटर नसला तर बातमी होते, स्ट्रिप नसली तर होत नाही. सतरा वर्षांच्या मुलीचा जीव मात्र आज स्ट्रिपवर होता.

६:४५

परिसेविका मॅडम जाता जाता थांबल्या. पुढच्या आठवड्यात गुणवत्ता मानकांची तपासणी. "तो डबा तेवढा लॉकरमध्ये ठेवा. नोंद नसलेली औषधं सापडली तर आपल्यावरच येईल." मग चार्टकडे नजर गेली. "हे असं लिहिलंत?" मॅडम वाईट नाहीत. आयुष्यभर त्यांनी हा वॉर्ड अंगावर झेललाय, त्यांच्या गुडघ्यांत आता जीव उरलेला नाही. मी म्हटलं, मॅडम, डब्याचीही नोंद करू. रुग्णांच्या नातेवाइकांनी दिलेलं सामान म्हणून वेगळं रजिस्टर घालू. काय आलं, कुणाला दिलं, आणि ते द्यावं का लागलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तपासणीआधी नको." थांबून म्हणाल्या, "बरं, सुरू करा. पहिल्या पानावर मी सही करते."

रात्री ८:००

कंत्राटी सिस्टर आली. डोळे तांबारलेले, पर्समध्ये जर्मनचं पुस्तक. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळायला जर्मन बी-टूपर्यंत यावी लागते. ती रात्री दोन-अडीचला, वॉर्ड जरा शांत असेल तर, क्रियापदं पाठ करते. अभियानाच्या जाहिरातीत स्टाफ नर्सला महिना २०,००० रुपये असतात. कायम पदाची वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते. शीर शोधण्यात तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. ती गेली तर मी तिला अडवणार नाही. पण आपल्या वॉर्डात जागा रिकाम्या ठेवून आपणच शिकवलेल्या मुली परदेशी पाठवण्याचा अभिमान मला वाटत नाही.

खाटेखाटेपाशी थांबत तिला ओव्हर दिली. चौदा नंबर झोपलीय, नाडी १०४, पण रात्रीत पुन्हा घाम फुटू शकतो, काख बघत राहा. पाच नंबरच्या आजींची लघवी अजून कमीच. नऊ नंबरची शुगर १७२, डबीत स्ट्रिप्स आहेत, सकाळपर्यंत पुरतील. मग रिपोर्ट बुक पुढे केलं. त्यात लिहिलं होतं: मंजूर खाटा ३०, रुग्ण ४७. सकाळी परिचारिका २, दुपारी १. ग्लुकोमीटर स्ट्रिप्स शून्य, मागणी प्रलंबित, रुग्णाच्या वडिलांनी विकत आणल्या. भिंतीवरचं सक्शन बंद. इन्फ्युजन पंप दुरुस्तीत. बेड ९ च्या दोन तपासण्या झाल्या नाहीत, कारण चार्टवर. एक प्रत मेट्रन कार्यालयात दिली, पोच घेतली.

तिने वाचलं. "ताई, माझा करार पुढच्या महिन्यात संपतोय," एवढंच म्हणाली.

मी तिला सांगितलं, रात्री एकटीला जे जमणार नाही ते वेळेसकट लिहून ठेव. सही करायची भीती वाटत असेल तर जागा मोकळी सोड, सकाळी येऊन तुझ्याकडून ऐकून मी माझी करीन.